शेळीचे केस

मुलगी इंजिनिअरिंगला पुण्याला गेली आणि माझे रविवार एकदम रिकामे झाले. घाटकोपरच्या एका लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. आठवडाभर रक्ताच्या नळ्या आणि मायक्रोस्कोप. घरी मुलुंडला आले की डोळे दुखायचे. तरीही आमच्या शेजारच्या सोसायटीत रविवारी सकाळी चित्रकलेचा क्लास चालतो हे कळल्यावर मी नाव घालून आले.

क्लास घेणारे सर शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंग मास्तर होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ‘तू’ म्हटलं, धाकट्या बहिणीला म्हणावं तसं. माझ्या वयाच्या बाईला नवऱ्याखेरीज ‘तू’ म्हणणारं फारसं कोणी उरत नाही. मला बरं वाटलं.

त्यांच्या खोलीच्या मागच्या खिडकीतून कंपाउंडची भिंत दिसायची. भिंतीपलीकडे नाला, घाणेरीची झुडपं आणि कोणीतरी टाकून दिलेल्या फरशा. त्या फरशांखाली मुंगसं राहायची. एक मादी आणि तिची दोन पिल्लं. दहाच्या सुमाराला ती भिंतीवरून एकामागून एक जायची, पिल्लांचं नाक आईच्या शेपटीला लागलेलं. लांबून बघितलं तर एकच लांबलचक जनावर सरकतंय असं वाटायचं. लहानपणी आम्ही मुंगूस दिसलं की त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगायचो. मी हे सांगितलं तेव्हा सर खूप हसले.

“शपथ कशाला घालतेस? गप्प बस, आपोआप दाखवेल,” ते म्हणाले. “आणि फोटो काढायचा नाही. फोटोवरून काढलेलं जनावर मेलेलं दिसतं.”

म्हणून आम्ही सहासात जणी खिडकीशी गप्प बसायचो. बाकीच्या हळूहळू कंटाळून फुलदाणीकडे वळल्या. मी बसून राहिले. मुंगसाचा रंग करडा म्हणून सोडून देता येत नाही, हे मला तिथे कळलं. त्याच्या एकेका केसावर पट्टे असतात, काळपट, मग फिकट, मग पुन्हा तपकिरी, आणि टोक गडद. ते सगळे मिळून अंगावर मीठमिरी भुरभुरल्यासारखं दिसतं. सूक्ष्म बघायची मला सवयच होती. मादीच्या कानामागचं अंग जमायला मला पूर्ण हिवाळा लागला.

ते जमलं त्या दिवशी सरांनी कपाटातून एक ब्रश काढून माझ्या हातात दिला.

“हा तुझ्या हाताला बसेल. वापरून बघ.”

खरंच बसला. केस ताठ, पण दाबले की लवायचे आणि उचलले की पुन्हा टोक धरायचे. मी विचारलं, “कशाचे केस आहेत, सर?”

“शेळीचे गं. चांगल्या शेळीचे.”

मी त्याच ब्रशाने भिंतीवरची तिन्ही मुंगसं रंगवली. पुढे बाकीच्यांनीही सरांकडून तसेच ब्रश घेतले.

वर्षाच्या शेवटी सोसायटीच्या हॉलमध्ये आमचं प्रदर्शन भरलं. दाराजवळच्या टेबलावर सरांनी घरून आणलेले ब्रश विकायला मांडले आणि मला म्हणाले, “तू बस ना इथे जरा. मला पाहुण्यांचं बघायचंय. तुझ्यावर सोपवलं की मला काळजी नाही.” मी बसले. मुंगसांचं माझं चित्र बरोबर समोरच्या भिंतीवर होतं आणि येणारा माणूस आधी तिथेच थांबत होता. त्या सकाळी मी फार खुशीत होते.

दुपारी एक बाई आणि एक गृहस्थ आले. बाईंनी एक ब्रश उचलला आणि विचारलं, “कशाचा आहे?”

“शेळीचा,” मी सांगितलं.

“नक्की? उजेडात धरून बघा बरं.”

मी तो खिडकीकडे धरला. गडद टोक. खाली फिकट पट्टा. मग तपकिरी. समोर माझंच चित्र होतं. त्या बाई काही बोलायच्या आधीच मला कळलं होतं. इतके दिवस माझा ब्रश सतत ओल्या रंगात होता, म्हणून म्हणा किंवा सरांनी सांगितलं म्हणून म्हणा, मी त्याच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

ते दोघे वनखात्याचे होते. मुंगसाच्या केसांचे ब्रश विकणं गुन्हा आहे, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी अगदी वेड्यासारखं विचारलं, “केस कापून सोडून देतात ना त्यांना?”

“नाही हो ताई,” बाई म्हणाल्या. “मारतात.”

गृहस्थांनी सरांना बोलावलं आणि हे ब्रश कोणाचे, असं विचारलं. सरांनी टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

“ब्रशचं सगळं या बाई बघतात,” ते म्हणाले. “मी फक्त शिकवतो. त्यांनी कुठून आणले, मला काही कल्पना नाही.”

या बाई. मला वाटलं, ते दुसऱ्या कोणाबद्दल बोलतायत. मी म्हटलं, “सर, काय बोलताय? तुम्हीच आणलेत ना सकाळी?”

ते रुमालाने चष्मा पुसत राहिले. मी मैत्रिणींकडे वळले. प्रत्येकीकडे त्यांनीच दिलेला ब्रश होता. एकीने मोबाइल काढला. एक पाणी प्यायला गेली. माझ्या शेजारी वर्षभर बसलेली, माझ्या डब्यातली घावणं खाणारी मैत्रीण चित्रांकडे तोंड करून उभी राहिली.

ब्रश जप्त झाले, माझं नाव-पत्ता लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी बोरीवलीच्या ऑफिसात बोलावलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “वाट लागली. पण तू घाबरू नको. जे झालं ते जसंच्या तसं सांग. मी येतो.”

संध्याकाळी सर घरी आले. सोफ्याच्या कडेवर बसले.

“तू जरा सांभाळून घे ना,” ते म्हणाले. “माझं वय बघ. तुला माहीत नव्हतं म्हण, सोडून देतील. माझं नाव मात्र खराब होईल.”

“मला माहीत नव्हतंच, सर. तुम्हाला होतं?”

ते टीपॉयवरचं वर्तमानपत्र सरळ करू लागले.

“मग आम्हाला त्या खिडकीशी कशाला बसवलंत?”

“अगं, ती वेगळी,” ते समजावणीच्या सुरात म्हणाले. “आपल्या मुंगसांना कोणी हात लावलाय का? हे केस कुठून तरी बाहेरून येतात.”

हे त्यांना खरोखर पटलेलं होतं. त्यांनी मला अडकवलं त्यापेक्षाही हे ऐकून मला जास्त लागलं. नवऱ्याने उठून दार उघडलं.

बोरीवलीला मी सगळं सांगितलं आणि माझा स्वतःचा ब्रशही पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. वनखात्याच्या त्या बाईंनी ते लिहून घेतलं. पुढे सरांना बोलावलं तेव्हा त्यांनी कबूल केलं, असं कळलं. केस त्यांच्यावर झाली, क्लास बंद पडला.

मैत्रिणींनी आता भांडुपला दुसरा क्लास लावलाय. परवा ती घावणंवाली मेडिकलच्या दुकानात भेटली. “काय गं, येत का नाहीस? सगळं मिटलं ना आता?” म्हणाली. नवीन सर किती छान शिकवतात ते सांगायला लागली. मी गोळ्या घेतल्या, लॅबला उशीर होतोय म्हटलं आणि निघाले. उशीर होत नव्हता.