शेऱ्याचा रकाना

माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. हा स्वभाव जन्माचा की नोकरीने लावलेला, ते मला सांगता येणार नाही. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून अमळनेर, पाचोरा आणि शेवटी धुळे अशा स्टँडांवर खिडकीमागे बसून मी नोकरी काढली. गाडी आली की रजिस्टरात लिहायचं : नियोजित वेळ, प्रत्यक्ष वेळ, फरक. शेवटचा रकाना शेऱ्याचा. ड्रायव्हर सांगायचा, "साहेब, घाटात गाडी तापली." मी उठून बोनेटला हात लावून यायचो आणि मगच शेरा लिहायचो. माझ्या पाठीमागे ते मला काय म्हणत, हे मला ठाऊक होतं. त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

निवृत्त होऊन जळगावला, गावाबाहेरच्या एका कॉलनीत घर घेतलं आणि मी विसरायला लागलो. डॉक्टरची तारीख, गॅसचा नंबर, चष्मा. मुलीने मोबाइलमध्ये नोंदी ठेवायचं ॲप टाकून दिलं. मी त्यात 'गुडघ्याचा डॉक्टर' असं लिहिलं आणि दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात आली. माझं लिहिलेलं दुसरं कुणी वाचतंय, हे कळल्यावर ॲप काढून टाकलं. मग चिठ्ठ्या करून पाहिल्या. त्या सदऱ्यासकट धुतल्या गेल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावं तर तिथे बायकोची सत्ता. दूधवाल्याचे खाडे आणि तिचे उपास यांत माझ्या डॉक्टरला जागा नव्हती.

शेवटी एक दोनशे पानी वही आणली, पट्टी घेतली आणि हात आपोआप चालला. तारीख, नियोजित वेळ, प्रत्यक्ष वेळ, फरक, शेरा. इतकी वर्षं जी पद्धत हाताखाली होती, ती सोडून मी मोबाइलमध्ये कशाला डोकं घालत होतो, याचं हसू आलं. वहीमुळे डॉक्टर चुकला नाही की गॅस चुकला नाही. मला इतकं बरं वाटलं की मी सगळंच लिहू लागलो. पेपर किती वाजता पडला, झाडूवाली किती वाजता आली. मेहुणी फोन करते म्हणाली होती आणि केला नाही, हेसुद्धा. बायको म्हणाली, "माझं पण लिहा, आज पोहे उशिरा झाले." ते मी आधीच लिहिलं होतं.

आणि पाणी. आमच्या कॉलनीची स्वतःची बोअर आणि टाकी आहे. समितीने एक ऑपरेटर ठेवला होता, साक्रीकडचा, मध्यम वयाचा, कमी बोलणारा. आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह एक दिवसाआड सकाळी साडेसहाला उघडायचा, असं ठरलेलं. आमचं घर गल्लीच्या अगदी टोकाला. मी नळाखाली बादली लावून, घड्याळ घेऊन उभा राहायचो. काही दिवस पाणी वेळेवर यायचं आणि काही दिवस चांगलं वीस-वीस मिनिटं उशिरा.

पहिल्यांदा शेऱ्यात लिहिलं, 'चहाला बसला असावा.' पंधरा दिवसांनी 'असावा' गळालं. मग 'आज मुद्दाम उशीर.' मग 'पुढच्या गल्लीवर मेहेरबानी.' मी त्याला एकदा रस्त्यात विचारलंही होतं. तो म्हणाला, "नाना, मी तं साडेसहालेच वॉल उघाडस." त्या दिवशीचा शेरा होता, 'तोंडावर खोटं बोलतो.'

चार महिन्यांनी कॉलनीची बैठक भरली. पाण्याच्या तक्रारी पुष्कळांच्या होत्या, पण पुरावा कुणाकडे नव्हता. अध्यक्ष म्हणाले, "नानांकडे सगळं लिहिलेलं असेल." मी घरी जाऊन वही आणली आणि उभा राहून वाचली. आवाज तोच, स्टँडवर गाड्या पुकारायचा. तारीख, वेळ, फरक, शेरा. लोक माना डोलवत होते आणि मला, खोटं कशाला बोलू, फार आनंद होत होता. ऑपरेटर दाराशी उभा होता. तुला काय म्हणायचंय, असं अध्यक्षांनी विचारलं, तेव्हा तो माझ्या वहीकडे बघून म्हणाला, "नानांनी येवढं लिखेल शे तं खरंच व्हई."

त्याला तिथेच काढलं.

नवा माणूस आला. चटपटीत, दिसेल त्याला नमस्कार करणारा. पहिल्या आठवड्यात पाणी वेळेवर आलं. मग एका सकाळी वीस मिनिटं उशीर. पुन्हा दोन खेपांनी तेवढाच. मला वाटलं, हाही त्यातलाच. शेरा लिहायला पेन उचललं तेव्हा बायको भाजी निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "स्टँडवर होतात तेव्हा निदान बोनेटला हात तरी लावून यायचात."

पुढच्या पाळीला मी सहालाच टाकीवर जाऊन उभा राहिलो. घरापासून दोनशे पावलंही नाहीत. चार महिन्यांत मी एकदाही तिथे गेलो नव्हतो. नव्या माणसाने माझ्या देखत साडेसहाला व्हॉल्व्ह उघडला. मी घरी आलो. नळ कोरडा. पाणी आलं ते सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना. परत जाऊन विचारलं, तर तो म्हणाला की आदल्या दिवशी लाईट नव्हती, टाकी अर्धीच भरली. जोर नसला की टोकाच्या घरापर्यंत पोहोचायला तेवढा वेळ लागतोच.

मी नळ बघत होतो आणि व्हॉल्व्हबद्दल लिहीत होतो. वही उघडून जुनी पानं पाहिली. वेळा सगळ्या बरोबर होत्या. शेऱ्यातली एकही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. मला स्वतःची लाज वाटली, आणि पहिल्यांदाच त्या खिडकीमागच्या वर्षांचीही शंका आली. दरवेळी बोनेटला हात लावला होता ना मी?

अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, "जाऊ द्या नाना, नवा माणूस चांगला आहे." जुन्याचा नंबर तेवढा मिळाला. त्यांच्या फोनमध्ये तो 'पाणीवाला' म्हणून होता. मीही तसाच ठेवला. फोन केला तर तो म्हणाला, बाजारच्या दिवशी साक्रीच्या स्टँडवर भेटू.

जळगावहून धुळे, धुळ्याहून साक्री. स्टँडवर बाजाराची गर्दी होती. तो बाकावर बसून होता. मला बघून उठला, आणि त्याने आधी माझ्या पिशवीकडे पाहिलं. वही आणलीय का, ते तो बघत असावा. असावा. मी त्याला सगळं सांगितलं. टाकी, लाईट, वीस मिनिटं. तो रागावला नाही. म्हणाला, धुळ्याला एका शाळेत पाण्याचं काम आहे, "पन मांगलं काम काबर सुटनं, आसं इचारतस. तुम्ही लिखी द्या. तुमनं लोक मानतस."

मागचं काम का सुटलं, याचं उत्तर त्याला माझ्या सहीने हवं होतं. वही आणली होतीच. तो वेळेवर व्हॉल्व्ह उघडायचा, असं लिहायला बसलो आणि पेन अडलं. तेही मी पाहिलेलं नव्हतं. म्हणून जे पाहिलं तेच लिहिलं. 'आमच्या कॉलनीच्या ऑपरेटरविरुद्ध मी चार महिने शेरे लिहिले. त्याला काम करताना मी एकदाही पाहिलं नाही. त्याच्या जागी आलेल्या माणसाने माझ्या देखत वेळेवर व्हॉल्व्ह उघडला, तरी पाणी वीस मिनिटं उशिराच आलं. त्याचं काम माझ्या चुकीने गेलं.' खाली सही, हुद्दा, निवृत्त.

"वाची दखाडा," तो म्हणाला.

मी हळू आवाजात वाचायला लागलो. तो म्हणाला, "तवय वाचं व्हतं तसं." मग मी उभा राहिलो आणि बैठकीतल्या आवाजात वाचलं. बाजाराच्या पिशव्या घेऊन उभे असलेले लोक वळून बघायला लागले. माझे कान तापले, पण शेवटपर्यंत वाचलं आणि पान फाडून त्याच्या हातात दिलं.

त्याने ते वरपासून खालपर्यंत बोट फिरवत पाहिलं. मग पान परत माझ्यापुढे धरलं.

"नाना, यामा मनं नावच नही शे."

मी पेन उघडलं. चार महिन्यांच्या त्या वहीत तो सगळीकडे 'ऑपरेटर' होता. मी मान खाली घालून त्याला त्याचं नाव विचारलं.