नोंद काढा

उस्मानपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. शाळा, सोसायट्या, दूध संघ यांच्यासाठी मराठी सॉफ्टवेअर करणारी छोटी कंपनी. मी एम. ए. मराठी. कॉलेजात जागा मिळाली नाही म्हणून तिथं लागलो. प्रोग्राम लिहिणारी मंडळी जे बनवतील त्याची मराठी पुस्तिका लिहायची, असं माझं काम.

सभासद नोंदणीचा प्रोग्राम तयार झाला तेव्हा मी एका बटणापाशी अडलो. सभासद मयत झाला किंवा सोडून गेला की त्याची नोंद कायमची पुसायची, त्यासाठी ते बटण होतं. त्यावर 'काढा' असं लिहिलेलं. मला ते खटकलं. आपल्याकडं सातबारा काढतात, नक्कल काढतात, म्हणजे कागद हातात घेतात. पुस्तिकेत दोन पानं आधी मीच लिहिलं होतं, 'यादी काढण्यासाठी छापा हे बटण दाबा.' एकच शब्द दोन उलट्या कामांना वापरला जात होता.

घरी वडिलांना विचारलं. ते निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. पोलीस ॲक्शननंतर तहसिलीतल्या उर्दू कागदांचं मराठी करण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली. ते म्हणाले, "खारीज लिही. नाव खारीज झालं म्हटलं की खेड्यातल्या माणसाला बरोबर कळतं."

मालकांना ते पटलं नाही. खारीज हा कोर्टकचेरीतला जुना शब्द, पुण्याचं गिऱ्हाईक हसेल, असं त्यांचं म्हणणं. 'कायमची पुसा' बटणात मावेना. छापखान्याची घाई होती. मी दोनदा बोललो, तिसऱ्यांदा बोललो नाही. 'सभासदाची नोंद काढण्यासाठी काढा हे बटण दाबा,' हे वाक्य माझ्याच हातचं आहे.

लासूर स्टेशनजवळच्या एका सोसायटीनं तो प्रोग्राम घेतला. तिथं कॉम्प्युटरवर बसायला विशीतली एक सून ठेवली होती. मेंढपाळांच्या वस्तीवरची, बारावी झालेली, कॉम्प्युटर शिकलेली तिथली पहिलीच. प्रशिक्षणाला ती माझ्यासमोर बसायची आणि मी बोललेली ओळन् ओळ वहीत उतरवून घ्यायची.

पुढं जे झालं ते मला नंतर तिच्याकडूनच कळलं. सोसायटीची निवडणूक जवळ आली होती. वस्तीवरचे लोक मेंढरं घेऊन लांब चारणीला निघाले होते. निघण्याआधी ते ऑफिसात आले आणि आपलं नाव आहे याचा कागद मागू लागले. तिनं पुस्तिका उघडली, माझं वाक्य वाचलं आणि बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न आला, नोंद काढायची का? तिनं 'होय' केलं. 'नोंद काढली' असं उमटलं, पण कागद काही आला नाही. प्रिंटर आधीपासूनच अडत होता. दुरुस्त झाला की सगळे कागद एकदम निघतील, असं तिला वाटलं. तिनं एकेक करून बत्तीस जणांच्या नोंदी काढल्या. त्यात तिचा सासरा होता, चुलत सासरे होते. परत याल तेव्हा कागद तयार असतील, असं सांगून तिनं त्यांना वाटेला लावलं.

मतदारांची यादी कॉम्प्युटरवरून निघाली आणि फळ्यावर लागली. हरकतींची मुदत संपली तेव्हा ही माणसं कुठल्या तरी माळावर होती. मतदानाला परतली तर एकाचंही नाव नाही. जुन्या रजिस्टरात होतं, पण यादी कॉम्प्युटरची खरी, असं सेक्रेटरीनं सांगितलं. चेअरमन माझ्यासारख्याच शेतीवाडीच्या घरातला होता. ही बत्तीस मतं त्याला पडणार नव्हती. त्यानं रजिस्टर उघडायला लावलं नाही.

वस्तीवर बोललं गेलं, की सुनेनं चेअरमनकडून पैसे खाल्ले. सोसायटीनं तिला कामावरून काढलं.

ती आमच्या ऑफिसात आली, पुस्तिका पिशवीत घेऊन. मालक बाहेर गेलेले होते. तिनं ते पान माझ्यासमोर धरलं.

"सर, म्या इथं लिहिलंय तसंच केलं. मला एवढंच सांगा, काढा म्हंजी काय?"

मला उत्तर ठाऊक होतं. तिच्या आधीपासून ठाऊक होतं. चौकशी करून कळवतो, असं मी तिला म्हणालो. पाणीसुद्धा विचारलं नाही. ती लवकर जावी, एवढंच मला वाटत होतं.

चार दिवसांनी मालकांनी सोसायटीला द्यायचं पत्र तयार केलं. पुस्तिकेतली सूचना स्पष्ट आहे, चूक वापरणाऱ्याची आहे, असा मजकूर होता. खाली पुस्तिकेचा लेखक म्हणून माझी सही हवी होती. वडिलांचं ऑपरेशन ठरलेलं होतं, पगाराशिवाय चालणार नव्हतं. हे कारण खरं आहे. पण ते नसतं तरी मी सही केली असती, असं आता वाटतं.

सही केली. वस्तीवरच्या लोकांना पुढच्या वर्षी नवे सभासद म्हणून पुन्हा अर्ज करावे लागले. आमच्या पुढच्या आवृत्तीत त्या बटणावर 'खारीज' आलं. पुण्याचं गिऱ्हाईक हसलं नाही. मालकांनी बैठकीत माझी तारीफ केली, आणि मी ती ऐकून घेतली.

दोनेक वर्षांनी बजाजनगरात एका ओळखीच्याकडं गेलो होतो. बस स्टॉपवर ती दिसली. नवरा-बायको इकडं राहायला आलेले. ती एका कारखान्यात पॅकिंगला जायची. मी सगळं सांगून टाकलं. शब्द चुकीचा होता, मला माहीत होतं, आणि पत्रावर सही माझी होती. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. चिडली नाही.

"मला सांगून काय उपयोग? माझ्या सासऱ्याला सांगा. ते अजून माझ्या हातचं पाणी घेत नाईत."

रविवारी येतो, म्हणालो. तिनं वस्तीचा रस्ता नीट समजावून सांगितला, कुठल्या फाट्याला उतरायचं तेही. त्या रविवारी ऑफिसात काम निघालं. पुढच्या रविवारी काहीच काम नव्हतं. मी घरीच होतो.