गोपीचंदनाची खूण

कुंभकोणममध्ये गाडीच्या पोटाखाली हयग्रीवरावांइतका वेळ कुणी काढला नसेल, आणि तिथून बाहेर येऊन इतकी बडबडही कुणी केली नसेल. पट्टीश्वरमच्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती. अंगावर गोपीचंदनाच्या मुद्रा आणि त्यांवर काळं ऑइल, त्यामुळे देवाचं कुठं संपतं आणि अँबेसिडरचं कुठं सुरू होतं ते कळायचं नाही. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे फिरत जाणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, ही त्यांची खास विद्या. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक यू-जॉइंट असतो, म्हणजे कोनातही फिरणारा, अधिकच्या चिन्हासारखा सांधा. हयग्रीवराव त्याला ‘क्रॉस’ म्हणत आणि त्याच्याविरुद्ध अवाक्षर ऐकून घेत नसत.

अठ्ठ्याऐंशीच्या नवरात्रात ते अवाक्षर चंद्रमौलीराव वकिलांनी काढलं. वकील म्हणजे वीस वर्षांचं गिऱ्हाईक, आणि ते करतील तेच त्यांचे निम्मे अशील करत. त्यांची पांढरी अँबेसिडर थरथरायला लागली होती. मेव्हण्याच्या मारुतीत बसून आल्यापासून ती त्यांना जास्तच थरथरते असं वाटत होतं.

“मारुतीस सीव्ही जॉइंट असतो म्हणे. लोण्यासारखा फिरतो. तंजावरचा टर्नर आपल्या गाडीसही बसवून देतों म्हणतो.”

“मारुतीचीं पुढचीं चाकें वळतातही, ओढतातही. त्यांस तें पाहिजे,” हयग्रीवराव म्हणाले. “आपला दांडा सरळ. त्यास कशास इतकें सोवळें? सीव्हीची रबराची टोपी फाटली, वाळू आंत गेली, कीं तो मेला. क्रॉस मी रस्त्यांत बसून हातोडीनें बदलतों.”

“बरें, क्रॉसच घाला. थरथर राहिली तर मात्र सीव्ही. नाहीं तर सरळ मारुती.”

वकील गेले की मागोमाग अर्धी शेड रिकामी होणार, हे हयग्रीवरावांना पक्कं ठाऊक होतं.

शाफ्टचे दोन तुकडे दात्यांवर एकमेकांत सरकतात. ते उघडले तर होते तसेच परत बसवावे लागतात. क्रॉस प्रत्येक फेऱ्यात थोडी घाई आणि थोडी दिरंगाई करतो; नीट बसवले तर एकाची घाई दुसरा भरून काढतो, नाहीतर दोघेही एकदमच घाई करतात आणि गाडी थरथरते. म्हणून उघडण्याआधी दोन्ही तुकड्यांवर एका रेषेत खूण करायची. बाकीचे मिस्त्री छिन्नीनं करत. हयग्रीवराव गोपीचंदनाची रेघ ओढत.

नवे क्रॉस बसले, पण दांडा जोडायचा राहिला, कारण दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. त्या दिवशी पान्याला हात लावायचा नाही. बायकोनं, अंबुजाबाईंनी, सगळं धुऊन चंदन-कुंकू लावलं. विजयादशमीला हयग्रीवरावांनी चंदनाला चंदन जुळवून दांडा ठोकला आणि वकिलांना घेऊन तिरुनीलक्कुडीच्या रस्त्याला लागले.

चाळिसाच्या पुढं काटा गेला आणि गाडीच्या अंगात आलं. वकिलांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. हयग्रीवरावांनी आधी रस्त्याला दोष दिला, मग गिअरबॉक्सखालच्या रबराला, आणि शेवटी वकिलांच्या वजनाला.

“उद्यां तंजावर,” वकील म्हणाले.

जेवताना हयग्रीवराव गप्प होते. असं कधी झालं नव्हतं, म्हणून अंबुजाबाईंनी विचारलं.

“खुणेस खूण लावली मी! तरी...”

“कोणती खूण? दांड्यावर कांहीं ओघळ वाळलें होतें. धुऊन टाकिलें. मग दोहींसही चंदन लाविलें.”

“ओघळ नव्हे तें! गोपीचंदन!”

“मग अंगास लावा. लोखंडास कशास मोक्ष?”

हयग्रीवरावांनी कपाळावर हात मारला. आता गुपचूप दांडा फिरवून लावावा आणि क्रॉस खराब निघाला म्हणून सांगावं, म्हणजे अब्रू वाचली. पण क्रॉस खराब म्हटलं की वकील सीव्हीकडे गेलेच. क्रॉसची बाजू राखायची तर स्वतःचं नाक कापून घ्यावं लागणार होतं. त्यांना भयंकर राग आला, निम्मा बायकोचा आणि निम्मा स्वतःचा. मग चपला घालून ते वकिलांच्या घरी गेले.

“क्रॉसचा दोष नाहीं. चूक माझी,” म्हणून त्यांनी सगळं सांगितलं.

वकील इतके हसले की कपाळावरच्या भस्माच्या पट्ट्या हलल्या. “आमची विभूती लावितां तर असें होतें काय?”

“तीही आमची बायको धुती.”

दुसऱ्या दिवशी दांडा एकेक दाता फिरवून नीट बसवला आणि गाडी तिरुप्पनंदाळपर्यंत नेली. परतताना वकील मागच्या सीटवर घोरत होते. मारुतीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. हयग्रीवरावांनी त्याच दिवशी खुणेसाठी एक छिन्नी वेगळी काढून ठेवली.

घरी अंबुजाबाईंनी विचारलं, “तो सीव्ही असता, तर माझ्या चंदनानें काय होतें?”

हयग्रीवरावांनी हाताचं ग्रीस पुसलं. “कांहीं न होतें. तो घाई करीतच नाहीं, म्हणून त्यास खूण लागत नाहीं. कसाही लावा, चालतो.”

“हें वकिलांस सांगितलांत?”

“मी काय वेडा?”