तोंडात कापूस असताना भांडण

गेल्या वर्षी गोळी घेऊनही माझं ब्लडप्रेशर उतरेना. पोट सुटत चाललं होतं आणि झोपेचं तर विचारूच नका. नवीन पनवेलच्या आमच्या डॉक्टरांनी कॉर्टिसॉल तपासायला सांगितलं.

"ताणाचं हार्मोन आहे. जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात चढतं, मग दिवसभर उतरत जातं. झोपताना अगदी कमी हवं. तुमचं वेळापत्रक बिघडलंय का बघू."

लॅबच्या मुलीने चार नळ्या दिल्या. प्रत्येकीत कापसाची सुरळी. ती दोन मिनिटं तोंडात धरायची आणि लाळेने भिजली की परत नळीत टाकायची. जाग आल्या आल्या एक, अर्ध्या तासाने दुसरी, मग दुपारी आणि झोपताना. आधी चहा नाही, ब्रश नाही.

"आणि मॅडम, दिवस अगदी रोजच्यासारखा जाऊ द्या."

माझा रोजचा दिवस तळमजल्यावरच्या काकांशी भांडून सुरू होतो. सुकापूरची आमची बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उभी आहे. बदल्यात त्यांना दोन फ्लॅट मिळाले, पण कोंबडा त्यांनी सोडला नाही. तो पार्किंगमध्ये राहतो आणि साडेपाचला आरवतो. सहा वाजता मी, सोसायटीची सेक्रेटरी, गॅलरीतून ओरडते आणि खालून काका ओरडतात.

आमच्या ह्यांनी काकांना तपासणीचं सांगून टाकलं. काका मनाने फार चांगले. दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती साडेसातला, बेलच्या आवाजाने. दारात काका, हातात थर्मास.

"मॅडम, कोंबरा उरनला बहिनीकडं धाडला. तुमी आराम करा. चा घ्या."

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच चहा आणला होता. मी भारावून अर्धा कप प्यायले आणि मग नळ्या आठवल्या. तो दिवस वाया गेला. शिवाय दिवसभर इतकी शांतता, की मला काही सुचेना.

संध्याकाळी मी खाली गेले. "काका, कोंबडा परत आणा."

"तुमच्या तब्येतीसाठी धाडला, आन् तुमीच परत आना बोलता?"

"रिपोर्टसाठी हवाय."

"रिपोर्टात कोंबरा दिसतो?"

"माझा राग दिसतो."

हे त्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून, टोपलीत घालून त्यांनी कोंबडा आणला. मी नव्या नळ्या मागवल्या.

ठरल्या दिवशी कोंबडा साडेपाचला आरवला. पहिली नळी झाली. सहाला मी गॅलरीत आले, तोंडात कापूस. काका खाली तयारच होते.

"बोला, मॅडम!"

मी तोंडाकडे बोट दाखवलं. काका गोंधळले. मग दोघांचं काम त्यांनीच अंगावर घेतलं.

"तुमी बोलता, ही सोसायटी हाय का तबेला? तर आमी बोलतो, तबेला आमचाच होता! मंग तुमी बोलता, नोटीस काढीन. काढा! मंग तुमी बोलता..."

माझं एकही वाक्य त्यांनी चुकवलं नाही. समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले. मी हात नाचवत होते, नाकाने फुरफुरत होते. आणि खरंच चिडले, कारण मला बोलता येत नव्हतं.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेले, सकाळच्या भांडणाचंही सांगितलं. ते म्हणाले, "सकाळचा चढ छान आहे. भांडण धरूनसुद्धा. दुपारचंही ठीक. पण झोपताना हे खाली आलेलंच नाही. रात्री काय करता?"

"काही नाही. उद्या काकांना काय बोलायचं ते पडल्या पडल्या ठरवते. सोसायटीच्या नोटिसा मनात लिहिते. एखादी चांगली जमली तर उठून ग्रुपवर टाकते."

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. "भांडा सकाळी, हवं तर. ही रात्रीची तालीम बंद करा. सगळं त्यानेच होतंय असं नाही, पण रात्री हे उतरलं नाही की झोप, प्रेशर, साखर, सगळ्यालाच त्रास."

मी काकांना सांगितलं, "रिपोर्टमध्ये तुम्ही निर्दोष आहात."

त्यांचा चेहरा पडला. "म्हंजे आमचा कायच परिनाम नाय? सहा वर्सं वरडतो मी."

त्यांची समजूत काढता काढता माझ्या नाकीनऊ आले.

आता नऊनंतर माझा फोन ह्यांच्याकडे असतो. प्रेशर थोडं उतरलंय, गोळी मात्र चालू आहे. नोटिसा मी दुपारी जेवण झाल्यावर लिहायला बसते. दुसऱ्या ओळीपर्यंत डुलकी लागते, त्यामुळे चार महिन्यांत सोसायटीत एकही नोटीस निघालेली नाही.