गारठाताईंच्या आकड्यातून दोन वजा

गारठाताई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण बागायतदारांच्या सोसायटीत बसून दर हिवाळ्यात लाऊडस्पीकरवरून "आज रात्री गारठा वाढणार" असं सांगणाऱ्या बाईला लोकांनी दुसरं काय म्हणायचं? डोंगरावरच्या हवामान केंद्रातून फोन यायचा, तो ताई घ्यायच्या, आणि तोच निरोप मायकवरून सगळ्या खोऱ्याला द्यायच्या. एवढंच काम. पण थंडी जणू ताईच घरून डब्यात घालून आणतात, असं लोकांचं वागणं! फुलं जळाली की "काय हो ताई, आधी सांगायचं नाही?" आणि थंडी पडली नाही की "काय हो ताई, उगाच जागवलंत!" धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

खोरं बदामाचं. हिवाळा सरता सरता झाडं फुलायची आणि नेमक्या त्याच दिवसांत एखादी वैरीण रात्र यायची. शून्याखाली एक अंशापर्यंत फुलं कशीबशी तग धरतात, पण तीनवर उतरलं की संपलं, मग वर्षभर नुसती पानं मोजत बसा. उपाय एकच. झाडांच्या ओळींमधून तेलाच्या शेगड्या पेटवायच्या आणि उजाडेपर्यंत राखायच्या. म्हणजे भर थंडीत अंगावरची गोधडी टाकून बाहेर पडायचं. ते कोणाला हवंय?

सुरुवातीला ताई केंद्राचा आकडा जसाच्या तसा सांगायच्या. "शून्याखाली तीन" म्हटलं की लोक "बरं बरं" म्हणून कूस बदलायचे, आणि सकाळी आतून काळी पडलेली फुलं घेऊन ताईंच्या खिडकीशी भांडायला हजर. वड्याचं तेल वांग्यावर! शेवटी ताईंचं डोकं फिरलं. एका हिवाळ्यात त्यांनी पदरचे दोन अंश घालायला सुरुवात केली. केंद्र एक म्हणालं की ताई तीन म्हणायच्या, केंद्र तीन म्हणालं की ताई पाच. आणि काय आश्चर्य, हळूहळू लोक शहाण्यासारखे वागायला लागले. नेमक्या धोक्याच्या रात्री शेगड्या पेटायच्या, उगाचच्या उगाच कोणी पेटवायचं नाही. ताईंना वाटलं, चला, एकदाची जरब बसली.

हे दोन अंशांचं गुपित त्यांनी एकाच माणसाला सांगितलं होतं, धाकट्या भावाला. तेही तोंडावर बोट ठेवून. "तू उगाच तेल जाळू नकोस रे. पण बोललास कुठं, तर याद राख."

धाकटा पूर्वी बस चालवायचा. ती नोकरी सोडून त्यानं जमिनीच्या तुकड्यावर बदाम लावले. कलमं सगळी ताईंच्या परसातल्या झाडाची. ताईंच्या लग्नाच्या वर्षी लावलेलं ते झाड, त्याच्याच काड्या कापून नेल्या होत्या त्यानं. झाडं वाढली, पण कधी कीड, कधी कोरड, फळाचा पत्ता नाही. भावजय शेवटी कंटाळली. तिनं स्वच्छ सांगितलं, "यंदा बदाम आले तर ठीक. नाहीतर माझ्या भावाकडे शहरात जायचं, तिथं बस चालवा." नुसतं सांगून थांबली नाही, ट्रंक काढून त्यात उन्हाळ्याचे कपडे भरूनही ठेवले. धाकट्याचं काय व्हायचं ते होवो, पण ताईंचं काय? आईवडील केव्हाच गेले. खोऱ्यात माहेर म्हणून उरलं होतं ते हे एवढंच दार.

हिवाळ्याच्या तोंडाशी केंद्रानं नेहमीसारखा सगळ्या मोसमाचा अंदाज पाठवला, 'यंदाचा हिवाळा सरासरीपेक्षा उबदार राहण्याची शक्यता'. ताईंनी तो मायकवरून वाचला आणि वर जीव तोडून समजावलं, "अहो, उबदार म्हणजे झाडं लवकर फुलणार, आणि लवकर फुलली की एकच गार रात्र पुरे! शेगड्या तयार ठेवा." पण 'उबदार' या शब्दानंतर ऐकतो कोण? सोसायटीच्या मोबाईल ग्रुपवर टाकलं, तर खाली गुलाबाच्या फुलांची रांग, 'सुप्रभात', आणि एका महाभागाचा प्रश्न, 'मग शेगड्या विकू का?' पालथ्या घड्यावर पाणी!

तेवढ्यात सोसायटीच्या अध्यक्षांनी त्यांना बोलावून घेतलं. "ताई, केंद्राचा आकडा एक आणि तुमचा आकडा दुसरा, असं कानावर आलंय माझ्या. हे लांडगा आला रे आला बंद करा. जे असेल ते तसंच सांगायचं."

ताईंना उलट सुटल्यासारखं झालं. खरं बोलायला कोणाची ना आहे? त्या दिवसापासून त्यांनी पदरचे दोन घालणं बंद केलं. कोणाला सांगितलं मात्र नाही, धाकट्यालासुद्धा सांगायचं राहून गेलं. सांगायचं काय? अध्यक्ष नि धाकटा सोडले तर त्या दोन अंशांचं कोणाला ठाऊकच नव्हतं ना! हिवाळाही खरोखर उबदार निघाला, त्यामुळे कसोटीची वेळ आली नाही. झाडं लवकर फुलली. धाकट्याची बाग पहिल्यांदा अशी फुलली की भावजय ट्रंक उघडी टाकून अंगणात बघत उभी राहिली.

आणि मग तो दिवस आला. दुपारीच केंद्राचा फोन. "ताई, आज रात्री शून्याखाली तीन. आभाळ साफ, वारा पडलेला."

ताईंनी मायक ओढला, घसा खाकरला आणि तीनदा सांगितलं, "आज रात्री शून्याखाली तीन." मग घरी फोन लावला. "अहो, ऐकलंत ना? तीन आहे. परसातल्या झाडाखाली दोन शेगड्या लावा."

"हो हो," मागून टीव्हीचा आवाज.

"नुसतं हो हो नको."

"अगं, लावतो म्हटलं ना!"

मग त्या खिडकीत येऊन बसल्या. एरवी असा निरोप गेला की रस्त्यावर धांदल उडायची. तेलाचे कॅन सायकलींना बांधले जायचे, एकमेकांना हाका मारल्या जायच्या. आज सगळं सामसूम. समोरचा सलूनवाला, ज्याची स्वतःची नदीकाठी बाग, तो एका गिऱ्हाइकाच्या गालाला आरामात फेस लावत होता. ताई चपला सरकवून तरातरा रस्ता ओलांडून गेल्या.

"काय हो, तीन सांगितलंय मी. ऐकू नाही आलं का?"

"आलं की," तो म्हणाला. "तीन म्हणजे एक. एकाला फुलं मरत नाहीत."

"तीन म्हणजे एक? हे कुठलं गणित?"

"अहो ताई, तुमच्या आकड्यातून दोन वजा करायचे असतात ना! सगळं खोरं करतं. किती वर्षं झाली." फेसातलं गिऱ्हाईकही मान हलवून हो म्हणालं.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

"कोणी म्हणजे? तुमच्या धाकट्यानं."

कपाळ माझं! म्हणजे इतकी वर्षं ताई दोन घालत होत्या आणि लोक दोन काढत होते. दोन्हीकडून फिट्टंफाट. म्हणून तर सगळं सुरळीत चाललेलं. जरब कसली नि काय कसलं! आणि आता अध्यक्षांच्या कृपेनं ताईंनी घालणं बंद केलं होतं, पण लोकांनी काढणं काही बंद केलं नव्हतं.

"अहो, आता मी घालत नाही हो दोन! खरे तीन आहेत, खरे!"

सलूनवाल्यानं वस्तरा थांबवला आणि समजुतीनं हसला. "ताई, तसं तर तुम्ही म्हणणारच. असं करा, पाच म्हणून सांगा. म्हणजे लोक तीन धरतील."

"दुपारी तीन आणि आता पाच? मग काय धरतील, माझं डोकं?"

त्या तशाच सोसायटीत परतल्या आणि मायकसमोर बसल्या. काय सांगायचं? तीन म्हटलं तर एक ऐकतील. पाच म्हटलं तर, बाईचं आज काहीतरी बिनसलंय म्हणतील. शपथ घेतली तर शपथेतूनही दोन वजा करतील ही माणसं! डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, रागाचं. बाहेर ऊन अजून होतं, पण वाऱ्यानं पानसुद्धा हलत नव्हतं. आज धाकट्याची फुलं गेली की ट्रंकेला कुलूप लागणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं. त्यांनी बटण दाबलं.

"ऐका हो सगळे. आता मी आकडा सांगणार नाही. आकडे सांगून सांगून माझी जीभ झिजली. मी ऑफिसला कुलूप लावून धाकट्याच्या बागेत शेगड्या पेटवायला चाललेय. ज्यांना दोन वजा करायचेत त्यांनी खुशाल करावेत. त्या बागेतून धूर दिसेल, त्यावरून काय ते समजा."

आणि त्यांनी खरोखरच कुलूप लावलं. ताईंनी वेळेआधी कुलूप लावलेलं कोणी पाहिलं नव्हतं. सलूनवाला गिऱ्हाईक तसंच सोडून दारात आला. ताईंनी सोसायटीच्या गोदामातून तेलाचे दोन कॅन उचलले, एका हातात एक, आणि भर रस्त्यातून निघाल्या. वाटेत कोणी "ताई, मदत करू का?" म्हणालं, तर "तुमच्या बागेला करा!" म्हणून खेकसल्या.

धाकटा अंगणात खाटेवर पडून फुलांकडे बघत होता. ताईंनी कॅन आदळले.

"गाढवा! तोंडावर बोट ठेवून सांगितलं होतं ना तुला?"

"काय झालं ताई?"

"दोन अंशांचं कोणाला सांगितलंस?"

"कोणाला नाही गं. फक्त हिला. आणि त्या सलूनवाल्याला. आणि बसमध्ये एकदा विषय निघाला होता..."

"बसमध्ये! अरे, दवंडीच पिटली असतीस ना! उठ. आज खरे तीन आहेत. शेगड्या कुठंयत?"

धाकट्याचा चेहरा उतरला. हिवाळा उबदार म्हटल्यावर त्यानं शेगड्या कोंबड्यांच्या खुराड्यात टाकल्या होत्या, आणि कोंबड्यांनी त्यात बिऱ्हाड थाटलं होतं. एकेका शेगडीत एकेक कोंबडी अंड्यांवर बसलेली. ताईंना हसावं की रडावं कळेना. आणि तेव्हा, जिला जायचंच होतं ती भावजय पदर खोचून पुढं झाली. तिनं कोंबड्या भराभर बाहेर भिरकावल्या, अंडी टोपलीत काढली आणि शेगड्या झटकत म्हणाली, "वन्सं, तेल तुम्ही ओता, मी ओळी लावते. आणि हो, तुमच्या भावाला बोलायचं राहिलं असेल ते उद्या बोला."

अंधार पडायच्या आत धाकट्याच्या बागेतून धूर वर चढला. थोड्या वेळानं नदीकाठी एक उजेड दिसला. सलूनवाल्याचा. मग पलीकडे दुसरा, तिसरा. कोणी ताईंच्या शब्दाला मान दिला म्हणून नव्हे, शेजाऱ्यानं पेटवल्या आणि आपल्या राहिल्या तर, या धास्तीनं. का असेना!

सकाळी बाग पांढरीशुभ्र होती. ताईंनी एक फूल खुडलं, नखानं उकललं आणि भावजयीच्या तळहातावर ठेवलं. आतला इवलासा दांडा हिरवागार होता. हिरवा म्हणजे जिवंत, काळा म्हणजे गेलं. भावजयीनं आणखी एक उकललं, मग आणखी एक. मग घरात जाऊन ट्रंकेतले कपडे काढून दोरीवर टाकले. उन्हाळ्याचे कपडे, थंडीच्या सकाळी. ताईंनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

घरी निघाल्या तर सलूनपाशी ही गर्दी.

"काय हो ताई, एक फूल नाही जळलं! आमचं तेल फुकट गेलं."

"अहो, शेगड्या पेटवल्या म्हणून नाही जळलं!"

"तसं कसं म्हणता? थंडी पडलीच नाही मुळी. एकच होता, आम्ही म्हणत होतो."

या माणसांना काय सांगावं! ताई पुढं गेल्या. पाय भरून आले होते. घरी आल्या तशा आधी परसात गेल्या. झाड लांबून छान पांढरं दिसत होतं. खाली शेगडीची राख नव्हती, तेलाचा डाग नव्हता, काहीच नव्हतं. त्यांनी एक फूल उकललं. दांडा काळा. दुसरं उकललं. काळा. वरच्या फांदीचं, उन्हाकडचं, भिंतीकडचं, सगळी काळी.

नवरा चहाचा कप घेऊन दारात आला. "फुलं काय झकास आलीयत गं यंदा!"

"शेगड्या?"

"अगं, तू तीन म्हणालीस ना? म्हटलं, एकच असेल. सगळेच दोन वजा करतात."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुझ्या भावानं."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ताई एरवी या वाक्यावर घर डोक्यावर घेत्या. आज त्या झाडाकडे वळल्या. लग्नाच्या वर्षीचं झाड. त्याच्या लेकरांना वाचवायला त्या तिकडे धावल्या, आणि आईला घरच्याच माणसानं मारलं. ताई फुलांवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग त्यांनी हाताला येईल ती मोठी फांदी मोडली आणि ती तशीच खांद्यावर टाकून निघाल्या.

सलूनपाशी अजून तेलाचीच चर्चा चालू होती. ताईंनी सोसायटीच्या दारातल्या फळ्यावर खडूनं भला मोठा तीन काढला आणि फळ्याच्या खिळ्याला फांदी सुतळीनं करकचून बांधली. लोक रस्ता ओलांडून आले. सलूनवाल्यानं एक फूल खुडलं, उकललं. दांडा काळा.

"कोणाची ही?" त्यानं हळूच विचारलं.

"माझी," ताई म्हणाल्या. "आमच्या घरी दोन वजा केले होते. घ्या, आता हिच्यातून करा."