टिटवीची अंडी

टिटवी ओरडत घरावरून गेली की माझी आई उंबऱ्याबाहेर थुंकायची. वडील हसायचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांच्या मते टिटवीसारखा सरळ जीव नाही. तिने अंडी उंचावर घातली तर पाऊस लवकर आणि दांडगा, खाली नदीच्या वाळूत घातली तर उशिरा. आमच्या तापीकाठच्या गावात सगळेच हे मानायचे, पण दादांइतकं कोणी नाही.

रिकामं बसलं की दादांना काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. काठावर शेत होतंच. शिवाय दिवाळीनंतर पाणी ओसरलं की ते पात्रातल्या वाळूत टरबुजांची वाडी करायचे. खड्डे खणायचे, खत भरायचं, वेलांना घागरीने पाणी घालायचं. कंबर धरली तरी ‘जरासंच राहिलंय’ म्हणून पुन्हा वाकायचे. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधी माझा नवरा गेला आणि मी लेकीला घेऊन माहेरी आले. तेव्हा दादांचे केस पांढरे झाले होते. माझी लेक चार वर्षांची होती, पण उभी राहत नव्हती. तापानंतर तिचे पाय लुळे पडले होते.

तापीवरच्या प्रकाशा गावच्या यात्रेत कुणीतरी दादांना सांगितलं, तापल्या वाळूत पाय पुरा, जीव येईल. झालं. रोज सकाळी ते तिला खांद्यावर घेऊन वाडीत उतरायचे. गवताच्या खोपीजवळ खड्डा करून तिला मांड्यांपर्यंत वाळूत उभी करायचे, डोक्यावर पळसाच्या पानांची टोपी घालायचे आणि खुरपता खुरपता तिच्याशी बोलत राहायचे. मला हा वेडेपणा वाटायचा आणि मी तसं बोलूनही दाखवायचे. पण चैत्र संपता संपता पोरगी त्यांचं बोट धरून चार पावलं टाकायला लागली. मग टोपीसाठी पळसाची पानं मीच तोडून द्यायला लागले.

वैशाखात मी काठावरच्या शेतात खत पसरत होते. दुसऱ्या दिवशी तिथे वखर फिरायचा होता. ढेकळांत टिटवीची चार अंडी दिसली. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत जीव तोडून ओरडत होती. अंडी वखराखाली जातील म्हणून मला दया आली. त्यांना हात लावायचा नसतो हे ठाऊक असून मी ती पाटीत घेतली, दरड उतरून खाली वाळूत ठेवली आणि लांब जाऊन बसले. दिवस कलताना टिटवी येऊन अंड्यांवर बसली. मोठं पुण्याचं काम केलं असं मला वाटलं. दादांच्या पाऊसपाण्याचा विचारसुद्धा मनात आला नाही. इतकी मी शहाणी.

दोन दिवसांनी दादा वाडीतून आले ते तोंडभर हसत.

“टिटवीनी वाळूमा अंडा घालेल शेतस,” ते आईला म्हणाले. “यंदा पानी उशिरा येई. पोरले आखो पंधरा दिन वाळू भेटी.”

“रोहिणी लागनी. वाडी आवरी ल्या आते,” आई म्हणाली.

“ते पाखरू खोटं बोलस नही.”

मी चुलीपुढे भाकरी थापत होते. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण अंड्यांना हात लावला म्हणून आई बोलेल याची भीती होती, आणि समोर दादांचा तो चेहरा. पंधरा दिवसांनी काय बिघडतंय, असं मी स्वतःला समजावलं आणि भाकरी उलटली.

शेजारच्या वाड्यांचे वेल वाळले. ती माणसं खोप्या मोडून वर गेली. पात्रात आमची एकच खोपी उरली. सातपुड्याच्या बाजूला रोज दुपारी काळं दाटायचं आणि विरून जायचं. आज सांगायचंच, असं मी रोज ठरवायचे. माझं तोंड बघून दादा विचारायचे, “काय व माय?” मी म्हणायचे, “काही नही.”

त्या दुपारी ऊन लख्ख होतं. भाकरी घेऊन मी दरडीवर पोचले, तेव्हा वरच्या अंगाने जात्यासारखी घरघर ऐकू येत होती. मग गढूळ पाणी दिसलं, काडीकचरा पुढे ढकलत येणारं. लांब कुठेतरी वर पाऊस झाला होता. दादा वाडीच्या दुसऱ्या टोकाला होते. ते पळाले ते काठाकडे नाही, खड्ड्याकडे. लेक मांड्यांपर्यंत वाळूत होती. ते दोन्ही हातांनी वाळू उपसत होते, आणि पाणी शिरलं तशी वाळू पुन्हा खड्ड्यात बसत होती. मी खाली धावले. तिला डोक्यावर धरून ते छातीएवढ्या पाण्यातून दरडीपाशी आले आणि माझ्या हातात दिली. “धर,” एवढंच म्हणाले. तिला वर ठेवून मी मागे हात केला, तर तिथे नुसतं पाणी होतं.

तिसऱ्या दिवशी ते खालच्या गावाजवळ सापडले.

सुतकात भेटायला आलेला जो तो म्हणाला, टिटवीने दगा दिला. त्या वर्षापासून गावातली पोरं टिटवीची अंडी दिसली की फोडायची, आणि मोठी माणसं त्यांना अडवायची नाहीत. मीही कधी अडवलं नाही.

माझी लेक चालते. थोडी लंगडते, पण तिन्ही लेकरं तिने कडेवर खेळवली. आबांना, म्हणजे माझ्या दादांना, पाखराने फसवलं, असं ती त्यांना सांगते, आणि मी शेजारी बसून ऐकते. आता माझंही वय झालं, म्हणून लिहून ठेवते. पाखरू खोटं बोललं नव्हतं. अंडी वरच होती.