पदरची पाच मिनिटं

आमच्या आपत्कालीन फोनच्या खोलीत नवीन माणूस आलं की त्याला आधी ताईंसमोर बसवतात. ताई म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या. अंगानं एवढ्याशा, पण बोलायला लागल्या की साहेबसुद्धा दारातून मागे फिरतात. नव्या मंडळींना कायद्याचं नाव काढलं की जांभया येतात. ताई जांभई पुरी होऊ देत नाहीत.

"फोन उचलला की समोरचा माणूस तुझा," त्या म्हणतात. "मध्येच सोडलास तर त्याला वाऱ्यावर सोडलं असं धरतात. ठरलेले प्रश्न विचारलेस, मन लावून काम केलंस आणि तरी वाईट झालं, तर कायदा तुझ्या पाठीशी आहे. स्वतःची अक्कल पाजळलीस तर तू आणि तुझं नशीब. आणि वेळ सांगायची नाही! मदत निघाली आहे, बस्स. तू म्हणालास आत्ता येतील, आणि तुझ्या शब्दावर विसंबून त्यानं दुसरा मार्ग सोडला, की तो शब्द तुझ्या गळ्यात."

घरीसुद्धा त्या तशाच. नवऱ्यानं किती वाजता येशील विचारलं तर उत्तर एकच, "निघाले की कळवते." मी एकदा म्हटलं, ताई, बिचाऱ्याला लग्नाला होकार तरी कसा दिलात? तर म्हणाल्या, "अटी घालून."

अशा या बाईनं वेळ सांगितली.

दुपारची वेळ होती. फोनवर एक म्हातारे गृहस्थ होते, निवृत्त बसड्रायव्हर. बायकोचा श्वास कोंडत होता. ताईंनी पत्ता घेतला, प्रश्न विचारले, रुग्णवाहिका सोडली. सगळं शिस्तीत. मग त्या गृहस्थांनी विचारलं, "बाई, माझी जुनी गाडी दारात आहे. मीच घेऊन जाऊ का तिला? का थांबू?" त्यांचा आवाज असा कापत होता की माझ्या कानापर्यंत आला. ताईंनी स्क्रीनकडे पाहिलं. आमची गाडी त्यांच्या घराच्या अगदी जवळ दिसत होती. आणि त्या बोलून गेल्या, "थांबा काका. पाच मिनिटांत येतात."

वाटेतल्या पुलावर एक ट्रक आडवा झाला होता. गाडी अडकली. दुसरी लांबून वळवावी लागली. तेवढा सगळा वेळ ताईंनी फोन सोडला नाही. त्यांना बसतं ठेवा, पाठीला उशी द्या, खिडकी उघडा, हे सांगत राहिल्या. गाडी पोचली तेव्हा काकू गेल्या होत्या.

काकांनी तक्रार केली. का करू नये? मीही केली असती. चौकशी लागली आणि ताईंची नोकरी टांगणीला लागली. फोनवरचं घरी न्यायचं नाही हाही नियमच, म्हणून नवऱ्याला काही सांगता येईना. त्या डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या. मी रागावले की दोन घास खायच्या, लहान मुलासारख्या, माझ्याकडे बघत. मला फार वाईट वाटायचं त्यांचं.

आमच्या खात्याचे वकील समजुतीनं बोलले. "डॉक्टरांच्या मते गाडी लवकर पोचली असती तरी त्या वाचल्या असत्या की नाही, सांगता येत नाही. हे आपल्या बाजूचं आहे. स्क्रीनवर तेवढाच वेळ दिसला असं म्हणा. आणि काहीही झालं तरी माफी मागू नका. ती कबुली धरली जाईल."

शेजारची खुर्ची माझी, म्हणून साक्षीला मलाही बोलावलं होतं. एक लांब टेबल, पलीकडे तीन अधिकारी, अलीकडे ताई, वकील आणि मी, टोकाला काका. इस्त्रीचा शर्ट, पण वरचं बटण चुकीच्या काजात गेलेलं. ते कोण सांगणार आता त्यांना, असं माझ्या मनात आलं. फोनचं रेकॉर्डिंग लावलं. काका खाली बघून ऐकत होते.

"ही वेळ स्क्रीनवर होती का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मी मनात म्हटलं, हो म्हणा हो ताई, एकदाच.

"नाही," ताई म्हणाल्या. "स्क्रीनवर फक्त गाडी दिसत होती. पाच मिनिटं मी माझ्या पदरची सांगितली. त्यांना धीर वाटावा म्हणून." वकिलांनी डोळे मिटून घेतले. ताई काकांकडे वळल्या. "काका, तुमचा निर्णय मी तुमच्याकडून काढून घेतला. चुकले मी."

अधिकाऱ्यांनी काकांना विचारलं, तुम्हाला काही म्हणायचं आहे का.

"तक्रार मी मागे घेणार नाही," काका म्हणाले. "पुन्हा कुणाला असं थांबवून ठेवू नका. मला अजून झोप लागत नाही, वाटतं, न्यायला हवं होतं." ते पाणी प्यायले. "पण या बाईंची नोकरी घालवू नका. साहेब, मी जन्मभर बस चालवली. माणसं मागे, माझी पाठ त्यांच्याकडे. त्या दिवशी गाडी काढली असती तर तीही मागच्या सीटवरच असती, आणि मी पुढे रस्ता बघत. या थांबा म्हणाल्या, म्हणून मी तिच्यासमोर बसलो होतो. ती शेवटपर्यंत माझ्याकडे बघत होती."